इंग्लिश फुटबॉलमधील ‘मोठा क्लब’ ठरतो कसा?

२१ मे २०२५ रोजी स्पेनमधील बिलबाओ येथे युरोपा लीगचा अंतिम सामना दोन इंग्लिश संघांमध्ये झाला. टॉटनहॅम हॉटस्परने मँचेस्टर युनायटेडचा १-० असा पराभव केला आणि १७ वर्षांनंतर एखादा मोठा चषक उंचावला. चार दिवसांनी इंग्लंडमधील प्रीमियर लीगचा हंगाम संपला, तेव्हा २० संघांच्या तक्त्यात युनायटेड १५ व्या आणि टॉटनहॅम १७ व्या क्रमांकावर होता. शेवटच्या तीन संघांची खालच्या श्रेणीत घसरण होते. म्हणजे युरोपीय चषक जिंकणारा संघ मायदेशात या नामुष्कीपासून जेमतेम एक पायरी वर होता. तरीही या दोघांची गणना ‘मोठ्या क्लबां’त होणार नाही, असे इंग्लंडमध्ये कोणी गंभीरपणे म्हटले नाही.

याच आठवड्यात, २४ मे रोजी, लंडनमधील वेम्ब्ली मैदानावर संडरलँडने शेफील्ड युनायटेडला २-१ असे हरवून आठ वर्षांनंतर प्रीमियर लीगमध्ये प्रवेश मिळवला. संडरलँडच्या नावावर देशाची सहा लीग विजेतेपदे आहेत, टॉटनहॅमच्या नावावर दोन. मात्र ‘सहा मोठ्यां’च्या आजच्या यादीत टॉटनहॅम आहे, संडरलँड नाही. संडरलँडचे शेवटचे विजेतेपद १९३६ चे आणि टॉटनहॅमचे १९६१ चे. दोन्हींची नोंद करणारी वर्तमानपत्रे आता अभिलेखागारातच पाहावी लागतात. मग मोठेपणाचे माप कोणते? विजेतेपदे, प्रेक्षक, पैसा की आठवण? इंग्लिश फुटबॉलच्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाचे उत्तर अनेकदा बदलले. पैसा कोणत्या वाटेने यावा आणि कोणी किती वाटून घ्यावा, याचे नियम जेव्हा जेव्हा पालटले, तेव्हा तेव्हा मोठ्यांची यादीही पालटली.

प्रारंभी हा खेळ इंग्लंडच्या उच्चभ्रू शाळांतून शिकलेल्या तरुणांचा होता. १८८३ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाला ब्लॅकबर्न ऑलिम्पिक या संघाने पराभूत केले आणि चित्र बदलले. या विजयी संघात विणकर, सूत कातणारे, ओतशाळेतील कामगार होते. लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे गाव. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात याच परगण्यातील गिरण्यांसाठी वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून जहाजांवर चढत होता. १८५० च्या कारखाना कायद्यामुळे कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले आणि हळूहळू शनिवारची अर्धी सुटी सर्वांचीच झाली. हाती मजुरी, मोकळी दुपार आणि शेजारच्या गावी नेणारी रेल्वे, या तीन गोष्टींतून फुटबॉलचा प्रेक्षक घडला. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला हे गणित वेगळे समजावून सांगावे लागू नये.

तिकिटाचा पैसा येऊ लागताच खेळाडूंना वेतन देण्याचा प्रश्न उभा राहिला. १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना अधिकृत मान्यता मिळाली. ॲस्टन व्हिलाचे पदाधिकारी आणि बर्मिंगहॅममधील कापड दुकानदार विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये १२ क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली. त्यातील सहा क्लब लँकेशायरचे, तर सहा मध्य इंग्लंडचे होते. लंडनचा एकही नव्हता. पहिल्याच हंगामात प्रेस्टन नॉर्थ एंडने २२ पैकी एकही सामना न गमावता लीग जिंकली आणि एकही गोल न स्वीकारता एफए चषकही पटकावला. त्या काळी मोठेपणाचे गमक सोपे होते. चांगले खेळाडू, विशेषतः स्कॉटलंडमधील खेळाडू, कोण आणू शकतो आणि त्यांना कोण पोसू शकतो, एवढेच पाहिले जाई. ज्याला ते जमले नाही तो संपला. ईटनच्या सरदारपुत्रांना हरवणारा ब्लॅकबर्न ऑलिम्पिक अवघ्या सहा वर्षांत, १८८९ मध्ये, खर्च न पेलवल्याने बंद पडला. त्याच गावातील ब्लॅकबर्न रोव्हर्सने मात्र १८९१ पर्यंत पाच वेळा एफए चषक जिंकला.

१९०१ मध्ये खेळाडूंच्या वेतनावर मर्यादा आली. आठवड्याला चार पौंडांपेक्षा अधिक वेतन कोणालाही देता येणार नव्हते. ही मर्यादा वाढत वाढत २० पौंडांपर्यंत गेली आणि १९६१ मध्येच उठली. शिवाय सामन्याच्या तिकीटविक्रीतील एक हिस्सा पाहुण्या संघाला देण्याची पद्धत होती. या दोन नियमांचा एकत्रित परिणाम फार खोलवर झाला. श्रीमंत क्लब खेळाडूला अधिक पगाराचे आमिष दाखवू शकत नव्हता आणि छोट्या गावातील क्लबलाही मोठ्या शहरातील गर्दीचा वाटा मिळत होता. टॉम फिनी हे इंग्लंडच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, पण त्यांची सारी कारकीर्द प्रेस्टनमध्येच गेली आणि खेळासोबत नळजोडणीचा व्यवसायही सुरू राहिला. फिनी १९६० मध्ये निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी वेतनमर्यादा रद्द झाली आणि त्याच हंगामाअखेर प्रेस्टनची पहिल्या श्रेणीतून घसरण झाली. पहिला अजिंक्य संघ त्यानंतर आजतागायत वरच्या श्रेणीत परतलेला नाही. या दोन घटनांचा संबंध केवळ योगायोगाचा होता असे मानणे कठीण आहे.

वेतन सर्वांना सारखेच असेल, तर वेगळेपण आणायचे कोठून? याचे उत्तर हर्बर्ट चॅपमन यांनी शोधले. त्यांनी हडर्सफील्ड टाऊनला १९२४ आणि १९२५ मध्ये लीग जिंकून दिली व मग ते लंडनच्या आर्सेनलकडे गेले. हडर्सफील्डने १९२६ मध्ये सलग तिसऱ्यांदा लीग जिंकली, पण त्यानंतर पुन्हा कधीही नाही. आर्सेनलने मात्र १९३० च्या दशकात पाच विजेतेपदे मिळवली. चॅपमन यांचे १९३४ मध्ये निधन झाल्यावरही संघ जिंकत राहिला. मुळात आर्सेनलचा मोठेपणा मैदानाच्या जागेतही दडलेला होता. १९१३ मध्ये हा क्लब आग्नेय लंडनमधील मूळ जागा सोडून उत्तर लंडनमध्ये हायबरी येथे आला, कारण तेथे दाट वस्ती होती आणि भुयारी रेल्वेचे स्थानक हाकेच्या अंतरावर होते. १९३२ मध्ये त्या स्थानकाचे नावच ‘आर्सेनल’ झाले. महानगर, रेल्वे, विस्तीर्ण मैदान आणि दूरदृष्टीचा व्यवस्थापक यांचा मेळ हडर्सफील्डसारख्या गिरणीच्या गावाला बसवता येणे शक्य नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर मैदाने ओसंडून वाहू लागली. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना एकूण ४ कोटी १२ लाखांहून अधिक प्रेक्षक आले. तो उच्चांक आहे. बॉम्बहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्ड उद्ध्वस्त झाल्याने मँचेस्टर युनायटेड आपले सामने शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या मैदानावर खेळत होता. तेथे जानेवारी १९४८ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्याला ८० हजारांहून अधिक लोक लोटले. स्वतःचे मैदान नसलेला क्लब परक्या मैदानावर एवढी गर्दी खेचत होता, ही बाब पुढे जे घडले त्याच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सहा फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिक येथे झालेल्या विमान अपघातात २३ जणांचा मृत्यू झाला. त्यात युनायटेडचे आठ खेळाडू होते. तो संघ युरोपीय चषकाचा सामना खेळून परतत होता. ही स्पर्धा तेव्हा नवीनच होती. वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्सने १९५४ मध्ये प्रकाशझोतात झालेल्या मैत्रीपूर्ण सामन्यात हंगेरीच्या होनवेद संघाला हरवले, तेव्हा ब्रिटिश वृत्तपत्रांनी वुल्व्ह्जला जगज्जेते ठरवून टाकले. ते न पटल्याने फ्रेंच पत्रकार गॅब्रिएल हानो यांनी युरोपीय स्पर्धेची कल्पना मांडली. पहिल्या वर्षी इंग्लंडचा विजेता चेल्सी लीगच्या दबावामुळे सहभागी झाला नाही. युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बस्बी यांनी मात्र पुढच्या वर्षी विरोध न जुमानता संघ उतरवला. अपघातातून वाचलेल्या बस्बी यांनी दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, बेनफिकाला ४-१ असे नमवून तो चषक जिंकून दिला. या दशकात युनायटेड हा मँचेस्टरपुरता क्लब राहिला नाही. ज्यांनी ते शहर कधी पाहिले नव्हते, त्यांनीही या संघाशी नाते जोडले.

हे नाते किती पक्के होते, ते कळण्यासाठी संघ हरावा लागला. १९७४ मध्ये युनायटेडची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. त्या खालच्या श्रेणीतील हंगामातही इंग्लंडमधील सर्व क्लबांत सर्वाधिक सरासरी प्रेक्षकसंख्या युनायटेडचीच होती. १९६७ ते १९९३ अशी २६ वर्षे या क्लबने लीग जिंकली नाही. त्याच काळात लिव्हरपूलने इंग्लंड आणि युरोप गाजवले आणि १९७७ ते १९८४ दरम्यान चार वेळा युरोपीय चषक जिंकला. तरीही अनेक हंगामांत अधिक गर्दी ओल्ड ट्रॅफर्डवरच होत राहिली. मोठेपणाची एखादी विश्वासार्ह कसोटी सांगायची झाली, तर प्रस्तुत वार्ताहराच्या मते ती हीच आहे. विजयाच्या दिवसांत सगळेच मांडवात असतात. पराभवाच्या पावसात कोण थांबते, ते पाहावे.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. ब्रायन क्लफ यांच्या मार्गदर्शनाखाली फॉरेस्टने १९७८ मध्ये लीग आणि १९७९ व १९८० मध्ये सलग दोनदा युरोपीय चषक जिंकला. देशातील विजेतेपदापेक्षा युरोपातील विजेतेपदे जास्त असलेला दुसरा क्लब युरोपात नाही. पण हे यश एका माणसाच्या प्रतिभेचे होते. क्लफ १९९३ मध्ये निवृत्त झाले, त्याच हंगामाअखेर संघाची घसरण झाली आणि २००५ मध्ये युरोपचा हा माजी विजेता तिसऱ्या श्रेणीत पोहोचला.

१९८० चे दशक इंग्लिश फुटबॉलसाठी काळे होते. १९८५ मध्ये ब्रसेल्समधील हायसेल मैदानावर ३९ जणांचा मृत्यू झाला आणि इंग्लिश क्लबांवर युरोपात बंदी आली. १९८५-८६ मध्ये प्रेक्षकसंख्या सुमारे १ कोटी ६५ लाखांवर घसरली. १९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे चाहते चेंगरले गेले. या दुर्घटनेतील मृतांची संख्या ९७ आहे. त्यानंतरच्या चौकशीतून उभे राहण्याच्या जागा काढून सर्वत्र आसने बसवण्याचा निर्णय झाला.

याच दशकात, फारसा गाजावाजा न होता, सर्वांत दूरगामी नियम बदलला. १९८३ पासून घरच्या मैदानावरील तिकीटविक्रीचे उत्पन्न यजमान क्लबनेच ठेवावे असे ठरले. छोट्यांना मिळणारा वाटा थांबला. त्यानंतर दूरचित्रवाणीचा पैसा वाढू लागला, तसा तो पैसा आम्हीच आणतो, असा मोठ्या क्लबांचा सूर चढत गेला. १९९० मध्ये लंडनमधील एका दूरचित्रवाणी कंपनीचे प्रमुख ग्रेग डाइक यांनी पाच क्लबांच्या प्रतिनिधींना भोजनास बोलावले. आर्सेनल, एव्हर्टन, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड आणि टॉटनहॅम हे ते ‘पाच मोठे’. त्या भोजनातून सुरू झालेल्या हालचालींची परिणती १९९२ मध्ये प्रीमियर लीगच्या स्थापनेत झाली.

ही पाच नावे नीट पाहण्यासारखी आहेत. त्या वेळी एव्हर्टनच्या नावावर ९ लीग विजेतेपदे होती, युनायटेडच्या नावावर ७ आणि टॉटनहॅमच्या नावावर २. ॲस्टन व्हिलाचीही ७ विजेतेपदे होती, शिवाय आठच वर्षांपूर्वी, १९८२ मध्ये, बायर्न म्युनिकला हरवून व्हिलाने युरोपीय चषक जिंकला होता. तरी त्यांना आमंत्रण नव्हते. लीगची संकल्पना ज्या क्लबच्या पदाधिकाऱ्याने मांडली, तोच क्लब नव्या व्यवस्थेच्या पहिल्या पंगतीत बसला नाही. यादी विजेतेपदे मोजून झालेली नव्हती. पडद्यासमोर लोकांना कोण बसवून ठेवू शकतो, हे पाहून ती झाली होती.

१९९२ च्या पहिल्या प्रक्षेपण कराराची रक्कम पाच वर्षांसाठी ३०.४ कोटी पौंड होती. २०२५ पासूनच्या चार वर्षांसाठी केवळ ब्रिटनमधील हक्कांची किंमत ६७० कोटी पौंड आहे. या लाटेवर सर्वांत आधी स्वार झाला तो युनायटेड. जुनी पुण्याई गाठीशी होती, अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या संघाने १९९३ ते २०१३ दरम्यान १३ वेळा लीग जिंकली आणि नेमक्या त्याच वर्षांत उपग्रह वाहिन्या आशियातील घराघरांत पोहोचल्या. भारतात या काळात फुटबॉल पाहू लागलेल्या पिढीने युनायटेड, आर्सेनल किंवा लिव्हरपूल निवडला, त्यामागे मँचेस्टर अथवा लंडनचा भूगोल नव्हता. टीव्ही सुरू केला तेव्हा कोण खेळत होते, हा योग होता. कोल्हापुरातील किंवा मडगावातील चाहत्याची निष्ठा ही आता त्या क्लबच्या ताळेबंदातील जमेची बाजू आहे. जगातील सर्वाधिक उत्पन्नाच्या क्लबांमध्ये २०२५ मध्ये लीगमध्ये १५ वा आलेला युनायटेड अजून टिकून आहे, त्याचे एक कारण हे आहे.

मोठे होण्याचा दुसरा मार्ग विकत घेण्याचा. त्याची पहिली ठळक चाचणी पुन्हा ब्लॅकबर्नमध्येच झाली. स्थानिक पोलाद व्यावसायिक जॅक वॉकर यांनी आपली संपत्ती रोव्हर्समध्ये ओतली, व्यवस्थापक म्हणून केनी डालग्लीश यांना आणले, अॅलन शिअरर यांना विक्रमी किमतीला घेतले आणि १९९५ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास वस्तीच्या या गावाने युनायटेडला एका गुणाने मागे टाकून लीग जिंकली. पुढच्याच वर्षी शिअरर १.५ कोटी पौंडांना न्यूकॅसलकडे गेले आणि १९९९ मध्ये क्लबची घसरण झाली. पैसा एका माणसाचा होता आणि मैदान सुमारे ३१ हजारांचे. पाया रुंदावला नव्हता.

या क्लबचा पुढचा अध्याय मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्यातील व्यंकीज या कुक्कुटपालन क्षेत्रातील उद्योगसमूहाने रोव्हर्स विकत घेतला. प्रीमियर लीगमध्ये मालकी मिळवणारा तो पहिला भारतीय समूह. मे २०१२ मध्ये संघाची घसरण निश्चित झाली, त्या सामन्यात संतप्त चाहत्यांनी क्लबच्या रंगांत गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला, वर्षभरात वर आला आणि त्यानंतर दुसऱ्या श्रेणीतच राहिला. इंग्लिश क्लब चालवण्याचा खर्च एखाद्या यशस्वी भारतीय उद्योगालाही झेपणे किती अवघड आहे, हे त्यातून दिसले.

चेल्सी आणि मँचेस्टर सिटी यांना मात्र हा मार्ग साधला. २००३ मध्ये रोमन अब्रामोविच आले, तोपर्यंत चेल्सीचे एकच लीग विजेतेपद होते. सिटी १९९८-९९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत खेळत होता, तरी सरासरी २८ हजारांच्या आसपास प्रेक्षक येत होते. २००८ मध्ये अबू धाबीचा पैसा आला आणि २०१२ ते २०२४ दरम्यान आठ विजेतेपदे मिळाली. फरक हा की ही दोन्ही महानगरे आहेत आणि पैशाचा झरा आटला नाही. यशाची वर्षे पुरेशी लांबली की नवी पिढी ते यशच मूळ स्थिती मानते.

आता हा दरवाजाही अरुंद झाला आहे. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठणारा लीड्स युनायटेड भविष्यातील उत्पन्नाच्या भरवशावर कर्ज काढून २००७ पर्यंत तिसऱ्या श्रेणीत गेला. २००८ चा एफए चषक विजेता पोर्ट्‌समथ दोन वर्षांत दिवाळखोरीच्या कारवाईत सापडला. अशा घटना टाळण्यासाठी तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपेक्षा अधिक तोटा होऊ देऊ नये, असा नियम झाला. नियम रास्त होता. पण ज्याचे उत्पन्न आधीच मोठे आहे, त्यालाच अधिक खर्चाची मुभा मिळते, हा त्याचा दुसरा अर्थ होता. २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने न्यूकॅसल घेतला, पण सिटीने केला तसा खर्च त्यांना करता आला नाही. मार्च २०२५ मध्ये लीग चषक जिंकून ७० वर्षांनी देशांतर्गत चषक मिळवणे, एवढी मजल त्यांनी गाठली आहे. लेस्टर सिटीने २०१६ मध्ये लीग जिंकून जगाला चकित केले, पण २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये त्यांची घसरण झाली.

सर्वांत बोलकी गोष्ट एव्हर्टनची. १९९० च्या पाच मोठ्यांपैकी आजच्या सहांमध्ये नसलेला हा एकमेव क्लब. १८९२ मध्ये सुरू झालेल्या गुडिसन पार्कवर खांबांमागे बसून अर्धेच मैदान दिसणाऱ्या जागा होत्या आणि धनिकांसाठीच्या कक्षांना वाव नव्हता. आर्सेनल २००६ मध्ये ६० हजार आसनांच्या नव्या मैदानात गेला, टॉटनहॅमने २०१९ मध्ये ६२ हजारांहून अधिक आसनांचे मैदान उभारले. एव्हर्टनची बंदराकाठी जाण्याची योजना मात्र २००३ मध्ये निधीअभावी बारगळली होती. १९९५ च्या एफए चषकानंतर क्लबने एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नाही. २०२३-२४ च्या हंगामात तोट्याच्या नियमाचा भंग झाल्याने त्यांचे एकूण आठ गुण कापले गेले. तरीही १९५४ पासून हा क्लब पहिल्या श्रेणीतून कधी घसरलेला नाही आणि त्याचे जुने मैदान शेवटपर्यंत भरत होते.

संडरलँडचेही तसेच. तिसऱ्या श्रेणीत असताना डिसेंबर २०१८ मध्ये एका सामन्याला ४६ हजारांवर लोक आले. युरोपातील अनेक देशांच्या विजेत्या संघांना एवढा प्रेक्षक मिळत नाही. एप्रिल २०२१ मध्ये सहा मोठ्यांनी युरोपातील बड्या क्लबांसोबत घसरणीचे भय नसलेली बंदिस्त सुपर लीग जाहीर केली, तेव्हा चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही क्लबांना माघार घ्यावी लागली. त्या निदर्शनांत याच सहा क्लबांचे चाहते आघाडीवर होते.

१८ मे २०२५ रोजी एव्हर्टनच्या पुरुष संघाने गुडिसन पार्कवर अखेरचा सामना खेळला. ऑगस्टमध्ये मर्सी नदीकाठच्या जुन्या गोदीत बांधलेले ५२ हजारांहून अधिक आसनांचे नवे मैदान लीग सामन्यांसाठी खुले झाले. गुडिसन पार्क पाडले जाणार होते, पण तो विचार बदलला आणि आता तेथे क्लबचा महिला संघ खेळतो.